परक्या सम्राटाच्या नावाचे सोने

इ. स. ५५० च्या सुमारास प्रोकोपियस हा इतिहासकार जस्टिनियन सम्राटाच्या युद्धांचा वृत्तान्त लिहीत होता. सेनापती बेलिसॅरियसच्या पदरी राहून त्याने लढाया, वेढे, उपासमार, रोगराई हे सारे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. सहजासहजी विचलित होणारा हा लेखक नव्हे. परंतु गॉल देशातील, म्हणजे आजच्या फ्रान्समधील, फ्रँक राजांविषयी लिहिताना त्याची लेखणी एकाएकी तिखट होते. ह्या लोकांनी मुलूख बळकावला आणि आर्ल नगरीतील घोड्यांच्या शर्यतींत ते यजमानाच्या थाटात मिरवू लागले, हे त्याला बोचतेच. पण त्याहून अधिक बोचते ते हे की, त्यांनी सोन्याचे नाणे पाडले आणि त्यावर रोमन सम्राटाऐवजी आपल्या राजाची मुद्रा उठविली. इराणचा शहेनशहा चांदीची नाणी हवी तशी पाडतो, पण सोन्यावर स्वतःचा चेहरा घालण्याचा अधिकार त्यालाही नाही, मग इतरांची कथा काय? आणि असले नाणे पाडले तरी ते घेणार कोण? व्यापारी ते हाती धरणार नाहीत, मग ते व्यापारी स्वतः बर्बर का असेनात, असे त्याचे म्हणणे.

इराणविषयीचे विधान काटेकोरपणे खरे नाही. सासानी राजांनी थोडी का होईना, स्वतःच्या मुद्रेची सुवर्णनाणी पाडली होती. परंतु प्रोकोपियसच्या रागामागे जे गृहीत आहे ते मात्र त्या काळी सर्वमान्य होते, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा रोमच्या शत्रूंनीच मागे ठेवला आहे. ज्या जर्मानिक टोळ्यांनी पश्चिम रोमन साम्राज्य आपापसांत वाटून घेतले, त्यांच्या राजांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सोने पाडले ते स्वतःच्या नावाने नव्हे, तर कॉन्स्टँटिनोपलला बसलेल्या सम्राटाच्या नावाने. चेहरा त्याचा, नाव त्याचे, टांकसाळीची खूणही त्याच्याच राजधानीची. युरोपातील मोठ्या संग्रहालयांत ही नाणी पाहावयास मिळतात. खऱ्या रोमन नाण्यांशेजारी ती ठेवली म्हणजे अनभ्यस्त डोळ्याला काही वेळा फरकच कळत नाही, तर काही वेळा सम्राटाच्या जागी केवळ डोळे आणि रेघा उरलेल्या दिसतात.

ही नक्कल समजावयाची तर मूळ नाणे ठाऊक हवे. चौथ्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टंटाइनने सॉलिडस नावाचे सुवर्णनाणे सुरू केले. एका रोमन पौंडात बहात्तर नाणी, म्हणजे एकेक नाणे सुमारे साडेचार ग्रॅमचे. त्याचा तिसरा हिस्सा म्हणजे ट्रेमिसिस हे दीड ग्रॅमचे नाणे. एका बाजूस सम्राटाचे मुख, दुसऱ्या बाजूस बहुधा पंख असलेली विजयदेवता, आणि तिच्या पायाखाली ‘कोनोब’ ही अक्षरे. त्यांतील ‘कोन’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल आणि ‘ओब’ म्हणजे शुद्ध केलेले सोने. ग्रीक अंकलेखनात हीच दोन अक्षरे बहात्तर हा आकडाही दाखवितात. ह्या नाण्याचा कस आणि वजन अकराव्या शतकापर्यंत मोठ्या निष्ठेने सांभाळले गेले. सातशे वर्षे एकच नाणे चोख राहावे, अशी उदाहरणे जगाच्या इतिहासात फार थोडी सापडतील.

त्याची पत किती दूरवर पोहोचली होती हे कॉस्मास नावाच्या प्रवासी व्यापाऱ्याने सांगितलेल्या एका गोष्टीवरून दिसते. हा कॉस्मास प्रोकोपियसचाच समकालीन. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘कल्लियाना’ ह्या बंदराचा आणि तेथील ख्रिस्ती बिशपांचा त्याने उल्लेख केला आहे; हे बंदर म्हणजे आपले कल्याण, असे सामान्यतः मानले जाते. तो सांगतो की, सिंहलद्वीपाच्या राजासमोर सोपात्रोस नावाचा रोमन व्यापारी आणि एक इराणी असे दोघे उभे होते. तुमच्यापैकी कोणाचा राजा मोठा, असे राजाने विचारले. इराण्याने आपल्या शहाची थोरवी वर्णन केली. सोपात्रोस एवढेच म्हणाला की, दोन्ही राजे येथेच आहेत, नाणी पाहा. एकीकडे चांदी, दुसरीकडे झळाळते, घाटदार सोने. निकाल रोमच्या बाजूने लागला. गोष्ट रोमन माणसाने सांगितलेली आहे, तेव्हा तिच्यात पदरचे मीठमिरची नसेलच असे नाही. पण सुवर्णनाण्याकडे त्या काळचे लोक कोणत्या नजरेने पाहत हे तिच्यावरून नीट कळते.

जर्मानिक लोकांची रोमन नाण्यांशी ओळख ह्याच्या पुष्कळ आधीची. पहिल्या शतकाच्या अखेरीस टॅसिटसने नोंदवून ठेवले आहे की, सरहद्दीजवळचे जर्मानिक लोक जुनी, परिचयाची नाणी पसंत करीत आणि सोन्यापेक्षा चांदी त्यांना अधिक सोयीची वाटे. पुढे चित्र पालटले. इ. स. २५१ मध्ये डॅन्यूबच्या दक्षिणेस अब्रिटस येथे गॉथांनी रोमन सैन्याचा धुव्वा उडविला आणि डेसियस सम्राट स्वतः रणात पडला. युक्रेन व पोलंड ह्या प्रदेशांत डेसियसची व त्याच्या आधीच्या सम्राटांची सुवर्णनाणी मोठ्या संख्येने सापडतात. ती त्या रणांगणावर हाती लागलेल्या शाही खजिन्यातील असावीत, असे मत अलीकडे पोलिश संशोधकांनी मांडले आहे. ह्याच प्रदेशांत तिसऱ्या-चौथ्या शतकांतील नकला मिळतात. त्यांवरील सम्राट ओळखू येतो न येतो, लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या काड्या, आणि पुष्कळ नाण्यांना भोक पाडलेले किंवा कडी बसविलेली. म्हणजे ही नाणी बाजारापेक्षा गळ्यात अधिक फिरली. पुतळ्यांची माळ ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना ह्यात नवल वाटावयाचे नाही. त्या पुतळ्याही मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या ड्यूकट होत्या, आणि त्यांच्याही नकला आपल्या देशात होत राहिल्या. युक्रेनमधील ह्या नाण्यांविषयी खंत वाटावी अशी एक गोष्ट आहे. धातुशोधक यंत्रे घेऊन चोरून खणणाऱ्यांनी त्यांतील पुष्कळशी उकरून थेट विक्रीस आणली. ती कोणत्या थडग्यात, कशाच्या शेजारी होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही. नाणे वाचले, साक्ष गेली.

नक्कल करणारा कारागीर काय करीत असे, हेही पाहिले पाहिजे. नाणे पाडण्यास दोन ठसे लागतात. एक ऐरणीत बसविलेला, दुसरा हातात धरून त्यावर घण मारावयाचा. ठशावर सारे उलटे कोरावे लागते. कोरणाऱ्याला लॅटिन येत असेल तर अक्षरे सुलटी उमटतात. येत नसेल तर तो अक्षर वाचीत नाही, त्याचे चित्र काढतो. मग काही अक्षरे आरशातल्यासारखी उलटी पडतात, काही गळतात. पहिली नक्कल खऱ्या नाण्यावरून, दुसरी पहिल्या नकलेवरून, तिसरी दुसरीवरून, असे चालले की विजयदेवतेचा झगा समांतर रेघांचा होतो, पंख काटक्यांसारखे दिसू लागतात, आणि अखेरीस देवतेच्या ठिकाणी एखादा टोळ उभा असल्याचा भास होतो. ह्या रूपांतराला अधःपात म्हणण्याची प्रथा आहे. ते पुरते बरोबर नाही. नाणे घेणाराही लॅटिन जाणत नव्हता. त्याला हवी होती ती वाचनीय ओळ नव्हे, तर ओळखीचा तोंडवळा.

रोमन कायद्याच्या दृष्टीने मात्र सुवर्णनाण्याची नक्कल हा क्षुद्र गुन्हा नव्हता. चौथ्या शतकाच्या अखेरीस त्याची गणना राजद्रोहात होऊ लागली होती. ह्याच शतकातील एका हुकमात तर बर्बरांना सोने मुळीच देऊ नये, आणि त्यांच्याजवळ ते आढळलेच तर युक्तीने काढून घ्यावे, असे व्यापाऱ्यांना बजावलेले आहे. पण हुकूम करणारा दरबारच सोने बाहेर पाठवीत होता. सैनिकांचा पगार, मित्रराजांचे मानधन, शत्रूंची खंडणी सारे सोन्यात. हूण काही जर्मानिक नव्हेत. तथापि एकट्या अटिलाला इ. स. ४४७ नंतर दर वर्षी २१०० पौंड सोने द्यावयाचे ठरले, म्हणजे दीड लाखाहून अधिक सॉलिडस! त्याच्या झेंड्याखाली कितीतरी जर्मानिक सरदार होते. हे सोने उत्तरेस बाल्टिक समुद्रातील ओलांड, बोर्नहोल्म, गोटलंड ह्या बेटांपर्यंत झिरपत गेले.

इ. स. ४७६ मध्ये ओडोएसरने पश्चिमेचा शेवटचा बालसम्राट रोम्युलस ह्याला पदच्युत केले. शाळेच्या पुस्तकात येथे रोमन साम्राज्य संपते. टांकसाळीत ते संपले नाही. ओडोएसरच्या सत्तेखाली इटलीतील सोने झेनो सम्राटाच्या नावाने पडत राहिले. त्याला मारून गादीवर आलेला ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिक ह्याने अनास्तासियसच्या नावाने सॉलिडस पाडले. ते इतके सुबक आहेत की, त्यांना नक्कल म्हणण्यासही मन धजत नाही. कारागीर तेच, हत्यारे तीच, धनी तेवढा बदललेला. कोठे कोपऱ्यात थिओडोरिकच्या नावाची अक्षरे एकात एक गुंफून घातलेली दिसतात, इतकेच. ह्याच थिओडोरिकने अनास्तासियसला पाठविलेल्या पत्रात आपले राज्य हे तुमच्या राज्याची प्रतिकृती आहे, असे नम्रपणे कळविले होते. पत्र त्याचा मंत्री कॅसिओडोरस ह्याच्या हातचे. मुत्सद्देगिरी म्हणून त्याकडे पाहता येईल, परंतु नाणी पाहिली की शब्द आणि सोने ह्यांत तफावत दिसत नाही.

आणि तरीही ह्या राजाला स्वतःचा चेहरा सोन्यात पाहण्याचा मोह झालाच. १८९४ मध्ये इटलीत सेनिगालिया गावाजवळ एक मोठे सुवर्णपदक सापडले. वजन पंधरा ग्रॅमच्या वर, म्हणजे तीन सॉलिडसांहूनही थोडे अधिक. ते आता रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यावर थिओडोरिक समोर पाहत आहे, एका हातात गोल आणि त्यावर विजयदेवता, केस कानांवरून वळविलेले आणि ओठावर मिशी. रोमन सम्राट असली मिशी कधीच ठेवीत नसत. पण ही बाजारात फिरणारी चीज नव्हे, भेट म्हणून देण्याची होती. दरबारात मिशी, बाजारात सम्राट!

इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे येथील वाचकांना हे कोडे परके वाटू नये. दिल्लीची सत्ता नावापुरती उरल्यावरही होळकर, शिंदे व गायकवाड ह्यांच्या टांकसाळींतून बादशहाच्या नावाचे रुपये पडत होते. १८०६ मध्ये शहा आलम वारला, तरी इंदूरच्या रुपयावर त्याचे नाव कितीतरी वर्षे तसेच राहिले. ईस्ट इंडिया कंपनीनेही १८३५ पर्यंत तोच मार्ग धरला. बादशहावर कोणाची भक्ती जडली होती असे नव्हे. सराफ कोणता छाप निमूटपणे घेतो, हा प्रश्न होता. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये स्वतःच्या नावाचा होन पाडला, त्या कृतीचे धाडस अशा वेळी नीट ध्यानात येते.

सराफांचा उल्लेख आलाच आहे, तर बट्ट्याचाही यावयास हवा. नकला रूपाने रोमन असल्या तरी कसाने नेहमीच रोमन नव्हत्या. दक्षिण गॉलमध्ये व्हिसिगॉथ राजे होनोरियस व तिसरा व्हॅलेंटिनियन ह्यांच्या नावांची नाणी पाडीत. इ. स. ४५८ मध्ये मेजोरियन सम्राटाने कायदा केला की, पूर्ण वजनाचे सॉलिडस कोणत्याही वसुली अधिकाऱ्याने नाकारू नये; अपवाद फक्त ‘गॉली’ सॉलिडसचा, कारण त्याच्या सोन्याची किंमत कमी धरली जाते. हा अपवाद गॉथांच्या नाण्यांस उद्देशून असावा असे मानतात. म्हणजे सरकारी खजिन्यालाही ती नाणी वेगळी ओळखता येत होती. बर्गंडियन राजांच्या कायद्यांत ह्याहून मौजेचे कलम आहे. सर्व सोने वजनावर घ्यावे, पण चार छाप घेऊ नयेत, असे सांगून त्यांची नावेच दिली आहेत. त्यांत अलॅरिक राजाच्या काळापासून हिणकस झालेली गॉथ नाणी आहेत आणि बर्गंडियनांच्याच ताब्यातील जिनीव्हाची जुनी नाणीही आहेत. आपल्याच टांकसाळीच्या मालाला कायद्याने खोटे ठरविणारा राजा विरळा. शेजारच्या स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात स्वेबी लोक होनोरियसच्या नावाचे सोने त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ पाडीत राहिले, आणि त्यावर मिलानच्या टांकसाळीची खूण तशीच उमटवीत राहिले. मिलान तेथून शेकडो कोस!

मग ही लक्ष्मणरेषा प्रथम ओलांडली कोणी? प्रोकोपियसचा रोष ज्याच्या वंशावर आहे, त्या फ्रँकांच्या थ्यूडेबर्ट राजाने. त्याची कारकीर्द ५३४ ते ५४८. अगाथियस हा दुसरा इतिहासकार सांगतो की, जस्टिनियनने आपल्या बिरुदांत ‘फ्रँकविजेता’ हे पद घातले म्हणून थ्यूडेबर्ट संतापला होता आणि थेट कॉन्स्टँटिनोपलवर चालून जाण्याचा त्याचा बेत होता. त्याच्या सॉलिडसवर सम्राटांच्या नावाआधी येणारे ‘आमचे स्वामी’ हे बिरुद आहे, आणि पुढे नाव आहे थ्यूडेबर्टचे. पण ज्या चेहऱ्याविषयी प्रोकोपियसने आकाशपाताळ एक केले, तो चेहरा? शिरस्त्राण, खांद्यावर भाला, हातात ढाल, सगळे जस्टिनियनच्या नाण्यावरचेच. राजाने नाव बदलले. मूर्ती बदलण्याचे धैर्य त्यालाही झाले नाही, अथवा त्याची गरज वाटली नाही. तो वारल्यावर फ्रँक टांकसाळी बहुतांशी पुन्हा सम्राटाच्या नावाकडे वळल्या.

स्पेनमधील व्हिसिगॉथांनी आणखी तीसेक वर्षे वाट पाहिली. त्यांचा राजा लिओविगिल्ड ह्याने स्वतःच्या नावाचे ट्रेमिसिस पाडले ते पुत्राच्या बंडाच्या धामधुमीत. त्याचा मुलगा हर्मेनेगिल्ड सेव्हिल येथे पित्याविरुद्ध उठला. बाप एरियन पंथाचा, मुलाने कॅथलिक धर्म स्वीकारला. मुलानेही आपल्या नावाचे सोने पाडले, आणि त्यावर राजाला देवाकडून आयुष्य लाभो अशा अर्थाचे शब्द घातले. इ. स. ५८४ मध्ये बापाने सेव्हिल जिंकले, तेव्हा त्याच्या नाण्यावर देवाच्या साहाय्याने सेव्हिल घेतले अशी अक्षरे उमटली. दोघेही एकाच देवाला साक्षीला बोलावीत होते, दीड ग्रॅमच्या चकतीवर. पुढच्या वर्षी हर्मेनेगिल्ड मारला गेला. चर्चने त्याला हुतात्मा संत मानले. रोमन सम्राटाचे नाव ह्या पितापुत्रांच्या भांडणातून जे गेले ते स्पेनच्या राजनाण्यांवर परत आले नाही. सम्राटाच्या आड उभे राहून स्वतःचे म्हणणे मांडता येत नव्हते, असा ह्याचा अर्थ लावता येईल.

प्रॉव्हान्समध्ये, मार्सेय व आर्ल येथे, सहाव्या शतकाच्या अखेरीस वेगळाच तोडगा निघाला. तेथील नाण्यांवर नाव मॉरिस सम्राटाचे, पण वजन कमी. आणि ते लपविण्याऐवजी सॉलिडसवर एकवीस व ट्रेमिसिसवर सात असे आकडे चक्क कोरलेले. पूर्ण सॉलिडस चोवीस सिलिकांचे असते, हे नाणे एकवीसांचे आहे, असा त्याचा अर्थ. ज्या नाण्यावर त्याचा कमीपणा लिहिलेला आहे त्याला बनावट कसे म्हणावे? इटलीतील लाँबर्ड ५६८ मध्ये आले, आणि त्यांच्यातील कुनिंकपर्ट राजाचे नाव सोन्यावर ठसठशीत दिसते ते ६८८ नंतर. त्याने विजयदेवतेच्या पंखांखाली नावाचा बदल केला. पंख तेच, हातातील क्रूस तोच, पण भोवतीची अक्षरे सांगतात की, हा संत मायकेल देवदूत आहे.

उत्तरेकडे, जेथे रोमचे सैन्य कधी पोहोचले नाही त्या डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडनमध्ये, नक्कल अगदी निराळ्या वाटेने गेली. तेथे पाचव्या-सहाव्या शतकांत सोन्याच्या पातळ पत्र्यावर एकाच बाजूने ठसा उठवून पदके करीत. त्यांना ब्रॅक्टिएट म्हणतात. अशी हजाराच्या आसपास पदके आज ज्ञात आहेत. आरंभीच्या पदकांवर रोमन सम्राटाचे मस्तक स्पष्ट दिसते, नंतर त्याचे केस वेणीसारखे वळू लागतात, आणि पुढे ते प्रचंड मस्तक एका चार पायांच्या जनावराच्या पाठीवर जाऊन बसते. शेजारी पक्षी, कोठे स्वस्तिक, कोठे रून लिपीतील अक्षरे. येथे बाजार नाही, कर नाही, सराफ नाही. सम्राटाचे चित्र घेतले ते त्यातील सामर्थ्यासाठी, आणि घेतल्यावर त्याला आपल्या देवांमध्ये बसविले.

हा केवळ तर्क म्हणून पुष्कळ वर्षे मांडला जात होता. २०२० च्या डिसेंबरात डेन्मार्कमध्ये व्हिंडेलेव्ह येथे एका हौशी शोधकाला जवळजवळ आठशे ग्रॅम सोने सापडले. त्यात कड्या बसविलेली रोमन नाणी होती आणि ब्रॅक्टिएटही होते. त्यांतील एका पदकावरील झिजलेली रून अक्षरे २०२३ मध्ये डॅनिश संशोधकांनी वाचली. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील ते पदक आहे. त्यावर घोड्यावरचे मोठे मस्तक आहे, रोमन सम्राटाच्या धर्तीचे, केस वळविलेले. भोवती कोरलेल्या मजकुरात हा ओडिनचा माणूस आहे असे म्हटले आहे. ओडिन देवाच्या नावाचा आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना लेख आहे.